कुठल्याही तारखेचा वार तोंडी कसा सांगायचा (कॅलेंडर न उघडता)

लग्नात बुफेच्या रांगेत उभा असतो आणि कुणीतरी मागून म्हणतं, याला जन्मतारीख सांगा हो, हा वार सांगतो. झालं. पुढची वीस मिनिटं हातातली पुरी गार होते आणि मी अख्ख्या वऱ्हाडाचे वार सांगत बसतो. लोकांना वाटतं काहीतरी दैवी देणगी आहे, डोक्यात कॉम्प्युटर आहे वगैरे. तसलं काही नाही हो, मला बायकोचा मोबाईल नंबर अजून पाठ नाही.

खरी अचाट डोकी वेगळी. शकुंतला देवींनी १८ जून १९८० ला लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये दोन तेरा आकडी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदात तोंडी केला, ते काही आपल्याला शिकून जमणारं नाही. अमेरिकेतला किम पीक, त्याच्या मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा पट्टाच जन्मापासून नव्हता, आणि तो हजारो पुस्तकं लक्षात ठेवायचा, तारीख सांगितली की वार सांगायचा. पण त्यातला वार सांगायचा भाग मात्र तुम्हीआम्ही उचलू शकतो, कारण जॉन कॉन्वे नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने त्याची पद्धत बसवून दिलीये. हा माणूस एवढा नादी की कॉम्प्युटर चालू केला की आधी दहा तारखा विचारेल आणि वार बरोबर आले तरच पुढे जाऊ देईल अशी सोय त्याने करून ठेवली होती. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, बाराचा पाढा येतो ना, बस.

मुख्य गंमत काय, तर प्रत्येक वर्षात काही ठरावीक तारखा अशा असतात की त्या सगळ्या एकाच वारी येतात. कॉन्वेने त्या वाराला डूम्सडे म्हटलं, मी हुकमी वार म्हणतो. २०२५ चा हुकमी वार शुक्रवार, २०२६ चा शनिवार. वर्षाचा हुकमी वार कळला की तुमची तारीख ज्या महिन्यात आहे तिथली हुकमी तारीख पकडायची आणि तिथून पुढेमागे बोटं मोजायची, एवढाच खेळ आहे.

आता या तारखा कुठल्या. एप्रिलपासून सम महिने घ्या, ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर, म्हणजे महिन्याचा आकडा तीच तारीख. मधल्या विषम महिन्यांसाठी मी असं पाठ केलंय, नऊ ते पाच ऑफिस आणि सात ते अकरा वाण्याचं दुकान. म्हणजे ९/५ आणि ५/९, ७/११ आणि ११/७, उलटसुलट दोन्ही चालतं हीच मजा. मार्चची ७ तारीख, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस (२८ असो की २९), आणि जानेवारीची ३. फक्त लीप वर्ष असेल तर जानेवारीची ४. हा जानेवारी लक्षात ठेवा, सगळ्यात जास्त माती इथेच खाल्ली जाते.

पण खरं सांगू का, आपल्याला हे पाठ करायची पण गरज नाही, कारण शाळेच्या भिंतीवर हे सगळं लिहिलेलंच असतं. ८ ऑगस्ट हुकमी म्हणजे त्यात सात मिळवले की १५ ऑगस्ट, झेंडावंदन. ५ सप्टेंबर शिक्षक दिन. ७ नोव्हेंबर अधिक सात, १४ नोव्हेंबर, बालदिन. हे तीन दिवस दरवर्षी एकाच वारी येतात, इतकी वर्षं शाळेत काढून कधी लक्षात आलं होतं? मला तरी नाही आलं. अजून पुढे जा, ४ एप्रिल अधिक सात म्हणजे ११ एप्रिल, महात्मा फुले जयंती, आणि जानेवारीची ३ म्हणजे सावित्रीबाईंची जयंती. नवराबायको दोघंही हुकमी, फक्त लीप वर्षात सावित्रीबाई एक दिवस मागे राहतात. ६ जून म्हणजे राज्याभिषेक दिन, रायगडावर जाणाऱ्यांना सांगायला नको. रयतच्या शाळेत शिकलेल्यांना ९ मे माहीत असेल, कर्मवीर भाऊराव पाटलांची पुण्यतिथी. आणि १२ डिसेंबर म्हणजे शरद पवार आणि रजनीकांत दोघांचा वाढदिवस, हे कुणाला विसरता येतं का.

याच्यातून एक फुकटची गोष्ट मिळते. १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही दिवस त्या-त्या महिन्यातल्या एकेका हुकमी तारखेच्या बरोब्बर एक दिवस आधी येतात (२ मे, ३ ऑक्टोबर, २६ डिसेंबर). म्हणजे महाराष्ट्र दिन, गांधी जयंती आणि नाताळ, कुठल्याही वर्षी वार एकच. २०२६ मध्ये तिन्ही शुक्रवारी, तीन लाँग वीकेंड, कोकणची तिकिटं आत्ताच बघा. मात्र त्याच वर्षी १५ ऑगस्ट शनिवारी, शनिवार-रविवार सुट्टीवाल्यांची एक सुट्टी गेली. २०२७ मध्ये तर सगळाच आनंद, ते तिन्ही शनिवारी आणि १५ ऑगस्ट रविवारी.

आता वर्षाचा हुकमी वार कसा काढायचा ते. वारांना आकडे द्या, रविवार ०, सोमवार १, असं करत शनिवार ६. शतकाचा एक आकडा पाठ पाहिजे, १९०० साठी बुधवार म्हणजे ३, २००० साठी मंगळवार म्हणजे २. रोजच्या कामाला हे दोनच लागतात, पणजोबांचं काढायचं असेल तर १८०० चा शुक्रवार, ५.

मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या. त्यात बारा किती वेळा जातात ते बघा, बाकी किती उरली ते बघा, आणि त्या बाकीत चार किती वेळा जातात ते बघा. हे तीन आकडे आणि शतकाचा आकडा, सगळ्यांची बेरीज, त्यातून सात सात काढत जायचं, उरेल तो हुकमी वार.

करूनच बघू. पानशेत फुटलं ती तारीख, १२ जुलै १९६१. एकसष्टात बारा पाच वेळा, बाकी एक, एकात चार शून्य वेळा. ५ अधिक १ अधिक ०, सहा. शतकाचे ३, नऊ झाले. सात काढले, उरले दोन, मंगळवार. म्हणजे १९६१ चा हुकमी वार मंगळवार. जुलैची हुकमी तारीख ११ (सात ते अकरा दुकान), ती मंगळवारी, मग १२ जुलै बुधवार. पुण्यातल्या कुणा जुन्या माणसाला विचारा, बुधवारच सांगतील.

अजून एक, जरा मोठा. कपिलने वर्ल्डकप उचलला तो दिवस, २५ जून १९८३. त्र्याऐंशीत बारा सहा वेळा, बाकी अकरा, अकरात चार दोन वेळा. सहा, अकरा, दोन, एकोणीस, अधिक तीन बावीस. एकवीस काढले, उरला एक, सोमवार. ६ जून सोमवार, मग १३, २०, २७ सोमवार, २७ च्या दोन दिवस आधी २५, शनिवार. सुरुवातीला अर्धा मिनिट लागेल, पंधरा दिवसांनी पाच-सात सेकंदात येतं. मानसिक गणिताच्या वर्ल्डकपमध्ये लोक एका मिनिटात साठाच्या वर तारखा उडवतात, ते सोडून द्या.

बाराच का असं कुणीतरी विचारणारच. साधं वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून दरवर्षी वार एकाने पुढे सरकतो आणि लीप वर्षाला दोनाने. बारा वर्षांत बारा अधिक तीन लीपचे, पंधरा, त्यातले चौदा म्हणजे पूर्ण दोन आठवडे, उरला एक. म्हणून दर बारा वर्षांनी हुकमी वार फक्त एकाने सरकतो, १९६० सोमवार, १९७२ मंगळवार, १९८४ बुधवार, १९९६ गुरुवार. काही लोक भागाकार न करता ही साखळीच पाठ करतात, मी पण आता तेच करतो, ते फास्ट पडतं.

लीप वर्षाचा फटका कसा बसतो बघा. गांधीजींची हत्या, ३० जानेवारी १९४८. अठ्ठेचाळीसात बारा चार वेळा, बाकी शून्य, चार अधिक तीन सात, सात गेले, उरलं शून्य, रविवार. आता १९४८ लीप, म्हणजे जानेवारीची हुकमी तारीख ४, मग ११, १८, २५ रविवार, आणि ३० शुक्रवार, जे बरोबर आहे. घाईत ३ धरली की शनिवार येतो आणि समोरचा मोबाईल काढून तुमचा पोपट करतो. लीपमध्ये १९०० नाही पण २००० आहे हे पण ध्यानात असू द्या.

दुसरा फटका मला घरातच बसला. मोठ्या मावशीची तारीख १४ जानेवारी १९६२, संक्रांत. मी ऐटीत सांगितलं रविवार. मावशी म्हणाली चूक, माझा जन्म शनिवारचा, म्हणून तर मी अशी चिवट. मी परत काढलं, परत रविवार. मोबाईलमध्ये रविवार. मावशीने कपाटातून पिवळी पडलेली पत्रिका काढली, त्यात स्वच्छ अक्षरात मंदवासर, म्हणजे शनिवारच. शेवटी आजीने सोडवलं, जन्म पहाटे चारचा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख रात्री बाराला. म्हणजे मध्यरात्र ते सूर्योदय या मधल्या वेळात जन्मलेल्या माणसाचा पत्रिकेतला वार एक मागे असणार, दोघंही बरोबर. तेव्हापासून मी वार सांगायच्या आधी जन्मवेळ विचारतो, त्याने ज्योतिषी असल्यासारखा भाव पण वाढतो.

शिवकाळातल्या तारखांना मात्र ही पद्धत तशीच लावू नका. शिवाजी महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३०, शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आपल्या पद्धतीने काढाल तर मंगळवार येईल, आणि तुम्ही इतिहासकारांशी भांडायला जाल. कारण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, ते आपल्या आजच्या कॅलेंडरच्या तेव्हा दहा दिवस मागे होतं. दहा मिळवा, १ मार्च १६३०. शतक १६०० चं म्हणजे २००० सारखंच, मंगळवार, २ (कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारासकट परत येतं, १४६०९७ दिवस, सातने पूर्ण भाग जातो). तिसात बारा दोन वेळा, बाकी सहा, सहात चार एकदा, नऊ, अधिक दोन अकरा, उरले चार, गुरुवार. २८ फेब्रुवारी गुरुवार, १ मार्च शुक्रवार. जुळलं. मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

या ४०० वर्षांच्या फेऱ्यात ४८०० महिने, म्हणजे ४८०० वेळा १३ तारीख, आणि त्यातली सगळ्यात जास्त वेळा शुक्रवारी येते, ६८८ वेळा. परदेशात ज्यांना शुक्रवारची १३ तारीख अशुभ वाटते त्यांचं नशीबच फुटकं.

प्रॅक्टिस कशी करायची तर लोकलमध्ये, बसमध्ये, दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना’ म्हणून तारीख दिसली की काढायची. पहिला आठवडा फक्त चालू वर्ष, हुकमी वार माहीतच आहे, नुसती बोटं मोजायची. मग घरच्यांचे वाढदिवस. शतक बदलून एकदम सुरू केलं की कंटाळून सोडून देतात लोक, मी दोनदा सोडलं होतं.

सुरुवातीला ही तारीख घ्या, १ मे १९६०. रविवार आला तर जमलं. सोमवार आला असेल तर तुम्ही २ मे वरच थांबलात, एक पाऊल मागे यायचं राहिलं.