कोकणातलं पुस्तक घ्यायचंय? आधी स्टॉप सांगा

मी मूळचा सांगोल्याचा. एसटीत कंडक्टर म्हणून लागलो आणि नेमणूक मिळाली तळकोकणात, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाकडं. आमच्याकडं डाळिंबाला टँकरनं पाणी घालायचे आणि इथं चार महिने शर्ट वाळेना. वस्तीची गाडी असली की शेवटच्या गावात देवळाच्या नाहीतर शाळेच्या पडवीत रात्र काढायची. ड्रायव्हर घोरायला लागला की मी तिकिटांचा ट्रे उशाशी घेऊन पुस्तक उघडायचो. ती सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. म्हणून आता पुण्यात सोसायटीतली पोरं विचारतात, "आण्णा, कोकणातल्या लेखकांचं काही सांगा ना."

मी उलट विचारतो, "कोकणातल्या म्हणजे कुठल्या?" गाडीत चढून "एक कोकण द्या" असं कुणी म्हणत नाही. दापोली म्हणतात, कुडाळ म्हणतात. पुस्तक घेतानाही तेच करायचं.

एक खोच आधी सांगतो. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचा जन्म "जि. रत्नागिरी" असेल, तर तो आजच्या हिशेबानं वेंगुर्ल्याचाही असू शकतो. जिल्हा सोडा, गाव बघा. दापोलीजवळचं मुर्डी आणि वेंगुर्ल्याजवळची आरवली यांच्यात एसटीचा अख्खा दिवस जातो. बोली बदलते, देव बदलतात, माशाच्या कालवणाची चवसुद्धा बदलते.

मुर्डी म्हणजे श्री. ना. पेंडसे. हा माणूस मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला. त्यामुळे माझा थोडा पक्षपात होतो, तो वजा करून ऐका. सुरुवातीला 'गारंबीचा बापू' (1952) घ्या. 'तुंबाडचे खोत' (1987) लगेच उचलू नका. दोन जाडजूड भाग आहेत, जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, पिढ्या आहेत, नावं लक्षात राहत नाहीत. मी एका कागदावर घराण्याची वंशावळ मांडून वाचलं, तेव्हा जमलं.

आरवली म्हणजे जयवंत दळवी. गावातल्या माणसांचा एकेक नमुना बघायचा असेल तर 'सारे प्रवासी घडीचे' (1964). हसवतं, आणि हसता हसता एकदम गप्प करतं. पण इथंच लोक फसतात. दळवींचं आवडलं म्हणून कोकण वाचायला 'चक्र' नेतात आणि मुंबईच्या झोपडपट्टीत जाऊन पडतात. मधु मंगेश कर्णिकांच्या 'माहीमची खाडी'चंही तसंच. लेखक कोकणातला, पुस्तक मुंबईचं. उलटंही होतं. गो. नी. दांडेकरांचा जन्म विदर्भातल्या परतवाड्याचा, पण 'पडघवली' कोकणातली. साने गुरुजींची नोकरी खानदेशात अंमळनेरला, 'श्यामची आई' लिहिली नाशिकच्या तुरुंगात, आणि त्यातलं गाव मात्र दापोली तालुक्यातलं पालगड. म्हणून ठरवा, तुम्हाला तिथला लेखक हवाय की तिथली गोष्ट? दोन्ही एकात मिळालं तर उत्तम. नाहीतर मी तरी गोष्टीच्या बाजूनं जातो.

गाव ठरलं की पुढचा प्रश्न जास्त मोलाचा: गोष्ट कुणाच्या घरातून सांगितली आहे? हे मला उशिरा कळलं. पहिली पाच-सहा वर्षं मी जे वाचत होतो त्यात ओटी, पडवी, माजघर, फणसाचे गरे हेच होतं. गाडीत मात्र माझ्याशी अर्ध्या तिकिटासाठी भांडणारी बाई वेगळीच होती. तिच्या डोक्यावर सुपं-टोपल्यांची मोळी असायची. ती मला पुस्तकात सापडली ती ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003). आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. लेखिका रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याची, तिची आई ती विणून घर चालवायची. खोती पद्धत 1949 च्या कायद्यानं गेली. ती असताना खोताच्या घरातून गाव कसं दिसत होतं ते पेंडशांकडं वाचा, आणि गावाच्या कडेच्या दलित वस्तीतून कसं दिसत होतं ते पवारांकडं. दोन्ही लागोपाठ वाचा, मध्ये तिसरं पुस्तक घेऊ नका.

तसंच मुसलमान मोहल्ल्याचं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई बहुतेकांना समाजसुधारक म्हणून माहीत असतात. त्यांची 'इंधन' (1965) ही कादंबरी फारशी कुणी मागत नाही. मुंबईहून बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला माणूस आणि पेटत जाणारं गाव. छोटी आहे, पण झोपायच्या आधी वाचू नका.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा: पुस्तक मधोमध उघडा आणि संवादाचं पान शोधा. तळकोकणातली माणसं "माका", "तुका", "खंय" (मला, तुला, कुठं) म्हणत असतील तर कान लावून दोन पानं मनातल्या मनात मोठ्यानं वाचा. अडखळलात तरी चालेल, सातव्या-आठव्या पानापासून गाडी गिअर धरते. पण सगळी माणसं पुण्याच्या पेठेतल्यासारखी बोलत असतील आणि फक्त मासे तेवढे कोकणातले असतील, तर ठेवून द्या. मुखपृष्ठावर माड आणि होडी बघून मी एकदा एक पुस्तक घेतलं होतं. आत सोलकढी, सूर्यास्त आणि पुन्हा सोलकढी. गावातल्या एकाही माणसाला आडनाव नव्हतं. कोकणात आडनाव न विचारता कुणी पाणीसुद्धा देत नाही हो!

चिं. त्र्यं. खानोलकरांचं जरा वेगळं. 'रात्र काळी, घागर काळी' (1962) किंवा 'कोंडुरा' (1966) वाचताना कुडाळ-वेंगुर्ल्याचा नकाशा हाताशी धरून उपयोग नाही. तिथली भीती, नवस, अंधार हे सगळं खरं आहे, पण ते डोक्यातलं कोकण आहे. हे दुसऱ्या खेपेला घ्या. कविता चालत असतील तर आधी 'जोगवा' घ्या. त्यावर नाव आरती प्रभू असेल, माणूस तोच. आणि आजचं कोकण हवं असेल तर सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला साहित्य अकादमी मिळालं 2022 चं.

मिळायचं कुठं? छापील प्रत नसेल तर तिथल्या जुन्या वाचनालयांत विचारा. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे. गणपतीपुळ्याला जाणारच असाल तर शेजारी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथंही डोकवा.

माझ्याकडं एक वही आहे, वेबिलासारखी, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखी आखलेली. पहिल्या रकान्यात स्टॉप, दुसऱ्यात पुस्तक, तिसऱ्यात 'कुणाच्या घरातून'. मंडणगड आणि दोडामार्ग या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत. तिकडचं कुणी असाल तर नाव सांगा, मी शाई भरून बसलोय.