दिवे सगळे लागलेत, तरी नेट सरकत नाही? मॉडेम उलटा करा

मी ठाण्यात केबल इंटरनेटच्या लाइनी दुरुस्त करतो. गेल्या पावसाळ्यात पाचपाखाडीतल्या एका काकांचा फोन आला. ऑनलाइनचा दिवा स्थिर, पण व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो जाईपर्यंत चहा निवतो. शिडी उचलण्याआधी सहज विचारलं, "मॉडेम ऑफिसचाच ना?"

"नाही हो, भाच्याने जुना आणला. म्हणे याला स्पीडची मर्यादाच नाही."

शिडी परत ठेवली.

तुमचंही असंच असेल तर मॉडेम उलटा करा. स्टिकरवर दोन-तीन मॅक, म्हणजे यंत्राचे ओळख क्रमांक, असतात. 'एचएफसी' किंवा 'सीएम' लिहिलेला बघा, तो केबलच्या बाजूचा. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडा, बहुतेक केबल मॉडेमचं स्वतःचं पान तिथे असतं. दोन्हीकडे मॅक वेगळा दिसला तर आत कुणीतरी हात घातलाय. त्याच पानावर डाउनस्ट्रीम पॉवर (तुमच्याकडे येणाऱ्या सिग्नलची ताकद) -७ ते +७ डीबीएमव्हीमध्ये असेल तर वायरला लगेच दोष देऊ नका.

मॉडेम चालू होताना कंपनीकडून कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, उतरवतो. तुमच्या प्लॅनचा वेग त्या फाइलीत असतो. छेडलेला मॉडेम भलतीच फाइल पुढे करतो. पण खऱ्या फाइलीवर कंपनीच्या गुप्त शब्दातून काढलेली खूण असते आणि पलीकडचं सीएमटीएस, म्हणजे सगळे मॉडेम जिथे जोडले जातात ते कंपनीचं यंत्र, ती तपासतं. जुळली नाही तर कुठे नुसती नोंद होते, कुठे मॉडेमला आतच घेत नाहीत. तिसरा प्रकार बेरकी: आत घेतात आणि वेग आवळतात, अगदी १० केबीपीएसपर्यंत. ग्राहकाला वाटतं लाइन खराब. शिव्या मला.

मॅकची नक्कल त्याहून वाईट. चरईतल्या एका बाईंचा मॅक कुणीतरी उचलला होता. एकच मॅक दोन नोडवर (वेगवेगळ्या भागांच्या जोडणीच्या ठिकाणी) दिसला तसा ऑफिसने तो बंद केला, आणि बिल वेळेवर भरणाऱ्या बाई तीन दिवस नेटशिवाय बसल्या. डॉक्सिस हे केबल मॉडेमचं मानक; त्याच्या १.१ आवृत्तीपासून मॉडेमच्या पोटात ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र असतं. ती तपासणी चालू असेल तिथे नुसता मॅक बदलून भागत नाही.

रीसेटचं बटण दाबत बसू नका, बिघाड फर्मवेअरमध्येच, म्हणजे मॉडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच, असतो. ऑफिसला सरळ विचारा: माझ्या खात्यावर कुठला मॅक आहे, तो ब्लॉक आहे का? तक्रार क्रमांक लिहून घ्या. नवा मॉडेम बसवताना माणसाकडून मॅक मोठ्याने वाचून घ्या आणि पावतीवर टिपायला लावा.

काकांचा जुना मॉडेम भाचा परत न्यायला आला होता, दुसऱ्या कुणाला विकायला. काकांनी दिला नाही.