विंडोज संगणकावर लिब्रेऑफिस स्थापित करताना

संगणकावर नवे सॉफ्टवेअर टाकताना बहुतेक जण प्रत्येक चौकटीतील ‘नेक्स्ट’ हे बटण न वाचताच दाबत जातात. बरेचदा त्याने बिघडत नाही. पण ज्याला मराठीत काम करायचे आहे त्याच्यासाठी महत्त्वाच्या निवडी नेमक्या याच चौकटींमध्ये असतात. ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था विकसित करत असलेला आणि मराठी मेनूंसह मोफत मिळणारा लिब्रेऑफिस हा कार्यालयीन संच (लेखन, तक्ते, सादरीकरणे अशा कामांच्या कार्यक्रमांचा गट) विंडोज ११ वर कसा बसवावा, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीला ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ विभागात ‘अबाउट’ हे पान उघडावे आणि ‘सिस्टिम टाइप’समोर काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे बहुधा ६४ बिट आणि एक्स ६४ असा उल्लेख असतो. काही नव्या लॅपटॉपांवर मात्र एआरएम या वेगळ्या रचनेचा प्रोसेसर असतो आणि त्यांच्यासाठी वेगळी फाइल घ्यावी लागते. लिब्रेऑफिसला डिस्कवर सुमारे दीड जीबी जागा लागू शकते, म्हणून तेवढी जागा मोकळी आहे याची खात्री करून घ्यावी. संगणक ‘एस मोड’मध्ये असल्यास मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरील कोणतेही सॉफ्टवेअर त्यावर बसत नाही, हेही आधीच तपासलेले बरे. त्याचप्रमाणे, स्थापनेच्या वेळी प्रशासक खात्याची परवानगी लागते. कार्यालयातील किंवा शाळेतील संगणकावर ती आपल्याकडे नसेल, तर तेथील संगणक सांभाळणाऱ्या व्यक्तीला सांगूनच पुढे जावे.

फाइल कोठून घ्यायची, याबाबत मी आग्रही आहे. शोधयंत्रात नाव टाकल्यावर वर येणारे पहिले दुवे अनेकदा जाहिरातींचे असतात, आणि सॉफ्टवेअर गोळा करून ठेवणाऱ्या त्रयस्थ संकेतस्थळांवर खऱ्या फाइलभोवती ‘डाउनलोड’ लिहिलेली इतकी बटणे असतात, की जाणकार माणूसही चुकीचे बटण दाबू शकतो. म्हणून ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग हा पत्ता इंग्रजी अक्षरांत स्वतः टंकावा आणि तेथूनच फाइल उतरवावी. डाउनलोड करताना देणगीची विनंती दिसते. देणगी ऐच्छिक असून ती न देताही फाइल पूर्ण मिळते.

उतरवलेली फाइल एमएसआय प्रकारची, म्हणजे विंडोजवर सॉफ्टवेअर बसवणारी, असते. ती उघडण्यापूर्वी तिच्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ निवडावे आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या भागात स्वाक्षरी कोणाची आहे ते वाचावे. तेथे द डॉक्युमेंट फाउंडेशनचे नाव असायला हवे. हा भागच दिसत नसेल किंवा तेथे भलतेच नाव असेल, तर ती फाइल न उघडता पुसून टाकावी. यानंतर फाइलवर दोनदा क्लिक करावे. विंडोजचे अद्ययावतीकरण किंवा दुसरी एखादी स्थापना त्याच वेळी चालू असेल, तर विंडोज दुसरी स्थापना सुरू होऊ देत नाही. अशा वेळी आधीचे काम संपेपर्यंत थांबावे.

स्थापनेच्या चौकटीत ‘टिपिकल’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय येतात. येथे ‘कस्टम’ निवडावे, कारण ‘टिपिकल’मध्ये विंडोजच्या भाषेनुसार मेनूंची भाषा ठरते आणि इंग्रजी विंडोज असलेल्या संगणकावर मराठी वगळली जाण्याची शक्यता असते. पुढच्या चौकटीत घटकांची यादी दिसते. तीत ‘युझर इंटरफेस लँग्वेजेस’ हा गट उघडून मराठी शोधावी, तिच्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करावे आणि तो घटक डिस्कवर बसवण्याचा पर्याय निवडावा. संगणक सुरू होताच लिब्रेऑफिसही सुरू करावे का, अशी विचारणा झाल्यास जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकावर ती खूण काढून ठेवावी. शेवटी विंडोज परवानगी मागते, तेव्हा त्या चौकटीतही प्रकाशकाचे नाव पुन्हा वाचूनच होकार द्यावा.

स्थापना झाली म्हणजे मराठीची सोय पूर्ण झाली असे नाही. लिब्रेऑफिस उघडून ‘टूल्स’ मेनूतील ‘ऑप्शन्स’मध्ये जावे आणि भाषांच्या विभागात ‘युझर इंटरफेस’साठी मराठी निवडावी, कार्यक्रम पुन्हा सुरू केल्यावर मेनू मराठीत येतात. त्याच पानावर दस्तऐवजांची मूळ भाषा ठरवता येते. लिब्रेऑफिस देवनागरीची गणना ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (संक्षेपाने सीटीएल) या गटात करते आणि या गटाचे फाँट इंग्रजीच्या फाँटहून वेगळे नोंदवते, म्हणून या गटासमोरही मराठीच निवडावी. मग ‘ऑप्शन्स’मध्येच रायटर या लेखनाच्या कार्यक्रमाच्या ‘बेसिक फाँट्स’ पानांपैकी सीटीएल असे लिहिलेल्या पानावर निर्मला यूआय किंवा मंगल यांसारखा युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती) फाँट ठरवून द्यावा. हे पाऊल राहून गेले, की इंग्रजी मजकुराचा फाँट बदलतो पण मराठी मजकुराचा बदलत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरचा आहे असे वाटू लागते.

टंकलेखनासाठी विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ या विभागातून मराठी भाषा जोडावी. तिच्यासोबत इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक मिळतो, आणि विंडोज कळ दाबून स्पेसबार दाबला की इंग्रजी व मराठी यांमध्ये अदलाबदल होते. मात्र जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले दस्तऐवज येथेही मूळ फाँटशिवाय नीट दिसणार नाहीत; त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर हे स्वतंत्र काम आहे.

ज्यांच्या फाइली वर्ड वापरणाऱ्या कार्यालयांत जातात, त्यांनी ‘ऑप्शन्स’मधील ‘लोड/सेव्ह’ विभागात नेहमीचा प्रकार वर्डचा ठरवून ठेवावा. स्थापनेच्या वेळी मराठी निवडायची राहिली असेल, तर सॉफ्टवेअर काढून टाकण्याची गरज नाही: ‘सेटिंग्ज’मधील ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ या यादीत लिब्रेऑफिससमोरील तीन ठिपक्यांतून ‘मॉडिफाय’ निवडल्यास तीच घटकांची यादी पुन्हा उघडते. ‘अनइन्स्टॉल’ही त्याच ठिकाणी असते आणि त्याने आपण तयार केलेले दस्तऐवज पुसले जात नाहीत. नवी आवृत्ती आल्यावर तिची फाइल त्याच अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन जुनीवरच बसवावी. आपण केलेली मांडणी सहसा तशीच राहते.