रोड बाईकचं एकच चाक बदला, जोडी नको

खड्ड्यात आपटून मागची रिम वाकली, तर चाकांची जोडी घ्यायची गरज नसते. तेवढं एक चाक घ्या, वापरलेलंही चालतं. टायर, ट्यूब, कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) जुनीच चढवा.

१. टायरवरचा रिमच्या व्यासाचा आकडा (मिमीमध्ये) बघा, बहुतेक वेळा ६२२. नवी रिमही त्याच मापाची हवी.

२. फ्रेममध्ये हब (चाकाचा मधला भाग) बसतो तिथलं आतलं अंतर मोजा: रिम ब्रेकला (रिमवर घासणारा ब्रेक) सहसा १३० मिमी, थ्रू-अॅक्सलच्या (हबमधून आरपार जाणारा दांडा) डिस्क ब्रेकला १४२. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

३. शिमानोची ८ किंवा ९ स्पीड कॅसेट ११ स्पीडच्या हबवर बसते, कॅसेटच्या मागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ रिंग) टाका.

रिम ब्रेकच्या जुन्या चाकाची ब्रेक घासणारी बाजू बोटाला खोलगट, म्हणजे झिजलेली लागली, तर फुकटही घेऊ नका.