व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

दोन शब्द कानाला सारखे लागले की ते एकाच घरातले, असं धरून चालणारे फार आहेत. व्हॉट्सॲपवर रोज एक नवी व्युत्पत्ती फिरते आणि तीच पुढे लेखांत, पुस्तकांत शिरते. मुद्रितं तपासताना मला त्याच त्या चुका खोडाव्या लागतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पायाने मळतात म्हणून पाव

माझा सर्वात जास्त राग या चुकीवर आहे. पाककृतींच्या एका पुस्तकात हे वाक्य होतं. मी खोडलं. पुढच्या मुद्रितात ते परत आलं, समासात लेखिकाबाईंची टीप घेऊन : ‘लहानपणापासून हेच ऐकलंय, राहू द्या.’ मग फोन झाला. मी म्हटलं, “ताई, मराठीत पायाला पाय म्हणतात, ‘पाँव’ हिंदीत. गोव्या-मुंबईच्या पदार्थाला हिंदी पायावरून नाव कोण देईल?” त्यांना ते पटलं, पण लगेच म्हणाल्या, “मग लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव असेल!” एक चूक सोडून दुसरी धरली.

हा शब्द पोर्तुगीज आहे. उच्चार जवळपास आपल्यासारखाच, फक्त नाकातून. त्याच्या मागे लॅटिन ‘पानिस’. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरो’. जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात, कारण सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिथेही पोचले होते. पावशेरातला पाव मात्र संस्कृत ‘पाद’वरून आला, आणि आपला पायही त्याच ‘पाद’वरून. म्हणजे पाय आणि पावशेर सख्खे, खायचा पाव बाहेरचा. जपानचा दाखला दिला तेव्हा कुठे ते वाक्य गेलं.

शब्दाचे तुकडे पाडण्याआधी ती वस्तू आपल्याकडे कुणाबरोबर आली ते मी बघतो. बटाटा, पगार, चावी, घमेलं हे सगळे पोर्तुगीजांबरोबर आले. त्यांचे संस्कृत धातू शोधण्यात वेळ घालवू नका. फणस आणि अननस दोन्ही काटेरी, दोन्हींच्या शेवटी ‘नस’ वाटतं, म्हणून त्यांचीही सोयरीक जुळवतात. फणस संस्कृत ‘पनस’वरून. अननस दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आला आणि तिथून आपल्याकडे.

देव आणि डेव्हिल

देव आणि इंग्रजी डेव्हिल एकाच मुळातले, असं सांगतात. पण डेव्हिल ग्रीक ‘दिआबोलोस’वरून आला, म्हणजे निंदा करणारा. देवाशी त्याचं काही नातं नाही. घोळ वाढतो तो अवेस्तेमुळे, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथामुळे : तिथे ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती, आणि तो शब्द खरोखरच आपल्या ‘देव’चा सगोत्र आहे. लोक हे अर्धं वाचतात आणि डेव्हिललाही त्यात ओढतात.

इथे कान कामाला येत नाही, ध्वनिनियम लागतो. संस्कृत ‘द’च्या जागी अस्सल इंग्रजी शब्दांत ‘ट’ येतो : दंत–टूथ, दश–टेन, द्वि–टू. या हिशोबाने देवाचा इंग्रजी नातलग ‘ट’नेच सुरू व्हायला हवा, आणि तो तसा आहेही. ट्यूजडे ज्याच्या नावाने आहे तो जुना जर्मानिक देव टीव. दिवस आणि लॅटिन ‘दिएस’ यांचं नातं पक्कं, पण इंग्रजी ‘डे’ त्यांतला नाही. आद्याक्षर इतकं सरळ जुळतंय, तिथेच संशय घ्यायचा.

विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं नातं मांडलं, तेव्हा आधार घेतला तो धातूंचा आणि व्याकरणाच्या रूपांचा. नवशिक्यांना नेमका याचाच कंटाळा. नियमांचा तक्ता एका बैठकीत समजतो. तो न बघता संस्कृत ही सगळ्या भाषांची आई, असं लिहून मोकळे होतात. मला हे मनापासून खटकतं, कारण खरी नाती या थापांहून कितीतरी सुंदर आहेत. चक्र आणि व्हील एकाच मुळातून निघालेत, हे नुसत्या कानाला कधी कळलं असतं का?

बाकीच्या, थोडक्यात

फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ : अर्थ तोच, उच्चार जवळचा, नातं शून्य.

ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणतात. त्याचं जुनं रूप ‘गुदागा’, त्यामुळे इंग्रजीशी संबंध नाही. नेहमी सर्वात जुनी रूपं शेजारी ठेवून बघा.

‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं नव्हेत, ते ‘न्यू’चं अनेकवचन. आद्याक्षरांची गोष्ट दिसली की मी आधी फुली मारतो.

आई-बाबांच्या शब्दांवरून भाषांची नाती जुळवू नका. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील.

माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असतो, १८५७ च्या आवृत्तीचा. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्तानी याच्या खुणा त्यात आहेत. पोर्तुगीज शब्दांसाठी गोव्याचे भाषाअभ्यासक दालगादो यांचं १९१३ चं काम बघतो. दोन्हींकडे मूळ सापडलं नाही तर मुद्रितात मी ती जागा कोरी सोडतो. लेखक तिथे काहीतरी सुचवून पाठवतातच. आधार मागतो, नाही मिळाला की पुन्हा खोडतो.