हिप्पोकॅम्पस रंगवायला बसण्याआधी

मेंदूच्या एमआरआयवर काम करायच्या इंटर्नशिपला जाण्याआधी पायथॉन पक्कं कर, असं सगळे सांगतील. मी म्हणते, आधी मेंदू बघ, आणि त्यातला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी जोडलेला भाग, स्कॅनवर स्वतः रंगवून बघ. आयएक्सआय या संचात लंडनमधल्या जवळपास 600 निरोगी लोकांचे एमआरआय मोफत आहेत. एक उतरवून आयटीके-स्नॅप या स्कॅन बघायच्या आणि रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड.

सुरुवातीलाच डावं-उजवं तपास. बऱ्याचदा रुग्णाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे दिसते. मी पहिल्याच आठवड्यात अकरा मेंदूंमध्ये डाव्या-उजव्याची अदलाबदल केली होती. सगळं पुसलं, वर चहा पाजावा लागला तो वेगळाच.

खरी कसोटी हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकाला. तिथे अमिग्डाला हा शेजारचा भाग अगदी चिकटून असतो आणि दोघांचा करडा रंग सारखाच. समोरून दिसणाऱ्या (कोरोनल) छेदात डोळे फोडत बसू नकोस. बाजूने दिसणाऱ्या (सॅजिटल) छेदात जा, मधली पांढरी रेघ सापडते.

आठवड्याने तोच मेंदू जुनं न बघता पुन्हा रंगव. मग निबेबल या पायथॉन लायब्ररीने दोन्ही मास्क, म्हणजे रंगवलेले भाग, वाचून डाइस गुणांक काढ, म्हणजे दोन्ही किती जुळतात ते कळेल: सामाईक व्हॉक्सेलची (स्कॅनमधल्या त्रिमितीय ठिपक्यांची) दुप्पट, भागिले दोन्हींची बेरीज. 1 म्हणजे तंतोतंत जुळणी. पायथॉनच्या चार ओळी. माझा पहिला आकडा 0.71 होता, वहीत अजून आहे.

मेंदूचे भाग आपोआप रंगवणारा फ्रीसर्फर हा प्रोग्राम मात्र रात्री लावून झोप. एका मेंदूला कित्येक तास घेतो.