जेसी जेम्सची जडणघडण लिहायची तर

अमेरिकेतला कुख्यात दरोडेखोर जेसी जेम्स याच्यावर लिहिणारे बहुतेक जण मे 1863 पासून, म्हणजे उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या काळापासून, सुरुवात करतात. युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूची मिलिशिया (स्थानिक सशस्त्र दल) मिसूरी राज्यातल्या शेतावर येते, सावत्र बापाला झाडाला टांगते, पंधरा वर्षांच्या जेसीला झोडपते आणि पोरगा दरोडेखोर होतो. ही मांडणी सोपी आहे, म्हणूनच फसवी. त्याआधीची नऊ आणि नंतरची सहा वर्षं जोडल्याशिवाय युद्धानं या मुलाचं काय केलं ते उलगडत नाही.

आधी चार रकाने आखा: तारीख, घटना, जेसीचं वय, आणि ही गोष्ट कोणी, कधी सांगितली. जन्मतारीख 5 सप्टेंबर 1847. वय दर वेळी तिच्यावरूनच मोजा. चौथा रकाना भरायला वेळ लागतो, पण तो टाळू नका. मे 1863 च्या धाडीत सावत्र बाप रूबेन सॅम्युअलला टांगल्याला भक्कम आधार आहे. जेसीला झालेली मारहाण मात्र मुख्यतः घरच्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून येते. दोन्ही गोष्टी लिहा, पण सारख्याच खात्रीनं नको.

धाड का पडली, तेही तिथेच सांगा. थोरला भाऊ फ्रँक तोवर बुशव्हॅकर, म्हणजे दक्षिणेच्या बाजूनं लढणाऱ्या गनिमी टोळीत, सामील झाला होता. मिलिशियाला त्या टोळीचा ठावठिकाणा हवा होता. आलेल्यांत याच भागातली माणसं होती. शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांवर हत्यार उचललं होतं, आणि असं वैर तहानं मिटत नाही.

आता मागे जा. क्ले काउंटीतलं हे कुटुंब गुलाम बाळगणारं होतं. बाप रॉबर्ट बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. 1850 मध्ये कॅलिफोर्नियात वारला, तेव्हा जेसीला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं गुलामगिरी ठेवायची की नाही ते तिथल्या वसाहतकऱ्यांवर सोडलं, आणि मिसूरी-कॅन्सस सीमेवर त्यावरून रक्तपात सुरू झाला. हा भाग गाळला की जेसी निव्वळ बळी दिसतो. घर काय राखायला लढत होतं, हे वाचकाला कळलंच पाहिजे.

नेहमीच्या दोन चुका टाळा. 21 ऑगस्ट 1863 ला बुशव्हॅकरांनी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात केलेल्या कत्तलीत फ्रँक होता, जेसी नव्हता. तिच्यानंतर चारच दिवसांनी निघालेल्या युनियन सैन्याच्या ऑर्डर क्रमांक 11 नं मिसूरीतल्या जॅक्सन, कॅस, बेट्स या काउंट्या आणि व्हर्ननचा काही भाग रिकामा करवला. क्ले काउंटी त्यात नव्हती. त्या आदेशानं जेम्स कुटुंब उजाडलं असं लिहू नका.

1864 ला सर्वांत जास्त जागा द्या. सोळाव्या वर्षी जेसी टोळीत गेला आणि लवकरच बुशव्हॅकरांचा म्होरक्या ‘ब्लडी बिल’ अँडरसनच्या हाताखाली आला. 27 सप्टेंबरला मिसूरीतल्या सेंट्रेलियात अँडरसनच्या माणसांनी रेल्वेतून उतरवलेल्या युनियनच्या सुमारे दोन डझन निःशस्त्र सैनिकांना गोळ्या घातल्या. त्याच दुपारी युनियनचा मेजर जॉन्स्टन त्यांच्या पाठलागावर आला आणि त्याचे शंभराहून अधिक लोक मारले गेले. कारण तांत्रिक आहे. सैनिकांकडे तोंडाकडून ठासायच्या, एका वेळी एकच गोळी सुटणाऱ्या बंदुका होत्या. समोरचे घोड्यावर, प्रत्येकाकडे सहा बारांची एकाहून अधिक रिव्हॉल्व्हर. पहिली फैर झडली की पुन्हा ठासायला सवड मिळाली नाही. जॉन्स्टनला जेसीनं मारलं हे फ्रँकचं नंतरचं सांगणं; त्याची नोंद चौथ्या रकान्यात. सतराव्या वर्षी या मुलानं शिकलेला धडा इथे आहे: लहान टोळी, वेगवान घोडा, जवळून गोळीबार, आणि आसरा देणारी ओळखीची घरं. त्यानं सोसलेली हिंसा आणि तो सामील असलेली हिंसा, दोन्ही एकाच पानावर येऊ द्या.

अँडरसन ऑक्टोबर 1864 च्या अखेरीस मारला गेला. मे 1865 मध्ये लेक्सिंग्टनजवळ जेसीच्या छातीत गोळी घुसली. त्याची शुश्रूषा केली आत्याच्या मुलीनं, झी मिम्सनं. पुढे 1874 मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याच 1865 मधल्या मिसूरीच्या नव्या राज्यघटनेनं दक्षिणेच्या बाजूनं लढलेल्यांचा मतदानाचा आणि सरकारी पदांचा हक्क काढून घेतला. एवढ्यावरून ‘दुसरा मार्गच उरला नव्हता’ असा निष्कर्ष काढू नका. बंदूक खाली ठेवून शेतीकडे वळलेले बुशव्हॅकरही पुष्कळ होते.

लेख 7 डिसेंबर 1869 ला थांबवा. त्या दिवशी मिसूरीतल्या गॅलाटिनच्या बँकेत जॉन शीट्स या रोखपालाचा खून झाला. मारेकऱ्याला, बहुधा जेसीला, तो सॅम्युअल कॉक्स वाटला होता, म्हणजे अँडरसनला मारणाऱ्या तुकडीचा प्रमुख.